ईनबाईंचा हंसराज

माझ्या हाताला गुण आहे, हे बोलायचंच होतं तर शेजारणीपुढे बोलायचं, भाजीवालीपुढे बोलायचं. मी बोलले ते ईनबाईंपुढे. ईन म्हणजे विहीण. आमच्या वऱ्हाडात लेकीच्या सासूला ईन म्हणतात, सासऱ्याला ईवाई, आणि या दोघांपुढे तोंड जपून उघडावं हे इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. मलाही ते ठाऊक होतं. पण मला ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या तोंडाला ठाऊक असणं वेगळं.

लेक अमरावतीला दिली. ईनबाई तिथल्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, आता रिटायर झाल्या. त्यांचं बोलणं कसं, तर प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून बाहेर येतो. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं शाळेत जाऊ लागली, पण आम्ही दोघी 'या, बसा, घ्या ना, पुरे आता' याच्यापुढे गेलो नव्हतो. भांडण नाही, तंटा नाही. नुसताच मान. नुसता मान फार थकवतो हो माणसाला.

तर त्यांच्याकडे बेसिनच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीत, एका मातीच्या कुंडीत हंसराज होता. शाळेच्या पुस्तकात ज्यांना नेचे म्हणतात आणि नर्सरीवाले फर्न म्हणतात, त्या जातीतला हा सगळ्यात नाजूक. काळेभोर दांडे, केसासारखे बारीक, आणि त्यावर इवल्या पंख्यांसारखी पोपटी पानं. पाणी शिंपडलं की पानावर थांबतच नाही, घरंगळून जातं. कोणी जवळून चालत गेलं तरी सगळं झाड हलायचं, जसं काही त्यालाच कोणीतरी बोललं.

आम्ही दिवाळीनंतर जेवायला गेलो होतो. आमचे हे हात धुवायला उठले आणि बेसिनजवळून मोठ्यानं म्हणाले, "ईनबाई, सांबार झकास लावला तुमी!"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आता पानं दिसतात तशी, ते काही मी नाकारत नाही. पण ज्या माणसाला पन्नास वर्षं मी वरणावर सांबार घालून वाढलं, त्याला काळे दांडे दिसू नयेत?

ईनबाई हसल्या. "हंसराज आहे तो, दादा. खायचा नसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याची लाज झाकायची म्हणून मी तोंड उघडलं. "आमच्याकडं तर काहीही लावा, लागते. वाळली काडी खोचली तरी पान फुटते. हे तर काय, आमच्या मोरीपाशी आपोआप उगवेल."

"हो का?" ईनबाई म्हणाल्या. वर्गात मुलीनं गृहपाठ घरी राहिला म्हणून सांगितल्यावर त्या असंच 'हो का' म्हणत असतील.

मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला त्यांची मुलगी असते, तिथेच करायचं आणि तिथेच दोन-तीन महिने राहायचं. फोन आला. गुडघ्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "एक विचारू का? इथे हे दोघं दिवसभर नोकरीवर. हंसराजाकडे कोण बघणार? तुमच्या हाताला गुण आहे, तर तुमच्याकडे ठेवला तर चालेल का?"

'नाही' म्हणायला एवढासा वेळ होता. तो मी 'अवश्य, अवश्य' म्हणण्यात घालवला.

फोन ठेवला तर हे समोर उभे. "अवं, उनाळ्यात? अकोल्यात?"

आमच्या अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगावं. टीव्हीवर खालून गावांची नावं सरकतात आणि सगळ्यात मोठा आकडा आमच्या नावापुढे आला की हे खुर्चीत ताठ बसतात, जसं काही ऊन यांनीच तापवलं. अशा गावात लोक म्हातारी माणसं बाहेरगावी पाठवतात. मी बाहेरगावचं नाजूक माणूस घरी बोलावलं.

जावई आणि लेक कुंडी घेऊन आले. पुढच्या सीटवर कुंडी, तिला पट्टा लावलेला. एसीची झडप तिच्याकडे वळवलेली. लेक मागे बसून घामानं निथळलेली. उतरल्याबरोबर ती मला आत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, त्यांनी जाताना कपाटाच्या चाव्या मले देल्या. दागिने मले देले. आन् हे तुले देलं. समजून घे."

मी समजून घेतलं. ईनबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते जिवंत होतं. ते जिवंतच परत गेलं पाहिजे. नाहीतर उरलेलं आयुष्य 'या, बसा, घ्या ना'.

मी कुंडी दिवाणखान्यात मांडली, बरोबर कूलरच्या समोर. पाहुण्याला घरातली सगळ्यात चांगली जागा द्यायची, आणि एप्रिलमध्ये अकोल्यात कूलरसमोरच्या जागेपेक्षा चांगली जागा देवघरही नाही.

"त्याले कूलर आन् मले पंखा?" हे म्हणाले.

"तुमी कुठं ईनबाईचे होय?"

हंसराज कूलरच्या वाऱ्यावर दिवसभर डुलायचा. मला वाटायचं, आनंदात आहे. आठवड्याभरात पानांच्या कडा तांबूस झाल्या, तव्यावर विसरलेल्या पोळीसारख्या. मी म्हटलं, तहान लागली असेल. बोअरचं पाणी सकाळी घातलं, संध्याकाळी घातलं. कडा आणखी करपल्या. मग मला वाटलं, बोअरचं पाणी उन्हानं तापलेलं येतं, ते पोळत असेल. थंड पाणी पाहिजे. थंड पाणी कुठे असतं? कूलरच्या टाकीत. तांब्या बुडवला की हाताला कसं गार लागतं! मी तेच घालू लागले, आणि माझ्या हुशारीवर खूश झाले.

पानं गळायला लागली. हात लावला की पापडासारखी चुरायची.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. स्वयंपाकघरात पाणी गाळायचं आरओचं यंत्र आहे. त्याच्या एका नळीतून प्यायचं पाणी येतं आणि दुसऱ्या नळीतून वाया जाणारं, ते आम्ही बादलीत धरतो, फरशी पुसायला. नळाचं पाणी आमच्याकडे येतं तेव्हा येतं, त्यामुळे थेंब वाया गेला की माझा जीव जातो. मी म्हटलं, यंत्रातून निघालेलं पाणी म्हणजे शुद्धच की, पहिल्या नंबरचं नसेल, दुसऱ्या नंबरचं असेल. दुसऱ्या नंबरचं शुद्ध पाणी मी हंसराजाला पाजलं. मोठ्या प्रेमानं, पानांवर हात फिरवत.

आता वाचणाऱ्याला कदाचित कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

कळलं ते असं. कूलरमधून पाणी नीट झिरपेना म्हणून ह्यांनी एका दुपारी त्याच्या बाजूच्या जाळ्या काढल्या. आतलं गवत दगड झालेलं. पांढरं, कडक, जसं कोणी चुना ओतून थापलं. हे पेचकसानं ते खरवडत होते आणि पाण्याला शिव्या देत होते. "पाह्य, पाह्य हे खार! दोन महिन्यांत गवताची भिंत झाली. असं पाणी आपल्या पोटात गेलं असतं तं आपली बी मूर्ती झाली असती."

मी झाडू घेऊन बाजूला उभी होते. माझी नजर कुंडीकडे गेली. कुंडीच्या बाहेरून, खालपासून अर्ध्यापर्यंत, तोच पांढरा खार चढला होता. वरच्या मातीवरही पांढरी साय.

माझ्या हातातला झाडू खाली पडला. हे खरं आहे, मी रंगवून सांगत नाही.

कारण मी कुठली? माझं माहेर तेल्हाऱ्याकडचं. अख्खा पट्टाच खारपाणाचा. जमिनीखाली पाणी आहे, पण मिठाचं. आमच्या वडिलांच्या वावरात विहीर होती आणि तिचं पाणी कधी पिकाला दिलं नाही, कारण दिलं की पीक जळतं आणि वावर पांढरं होतं. चालायला लागलेल्या पोरालाही तिकडे हे ठाऊक असतं. आई गोड्या पाण्यासाठी गावाबाहेर जायची. ते सगळं पाहून मोठी झालेली मी! इतकंच कशाला, सासरी अकोल्याला आल्यापासून बोअरच्या पाण्यात मी कधी तुरीची डाळ शिजायला घातली नाही. शिजतच नाही त्यात, दाणा दाणा वेगळा राहतो. म्हणजे डाळीला जे पाणी मी चालवून घेतलं नाही ते ईनबाईंच्या हंसराजाला दिलं. आणि तेवढ्यावर भागेना म्हणून कूलरचं दिलं, की ज्यातलं पाणी उडून जातं आणि खार तेवढा मागे उरतो. आणि त्याहून कहर म्हणजे यंत्रानं गाळून बाजूला काढलेला खार पाजला. एकाहून एक खारट. मारायचंच ठरवलं असतं तरी एवढं पद्धतशीर जमलं नसतं.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् वरतून वारा. कपडा वाळू घालतेत तसा वाळू घातला त्याले." कधी नाही ते ह्यांचं सगळं बरोबर होतं.

त्या दिवसापासून घरातलं पहिल्या नंबरचं गोडं पाणी हंसराजाचं. मी कुंडी मोठ्या घमेल्यात बसवली आणि वरून गोडं पाणी हळूहळू सोडत राहिले, खालून निघेल तेवढं निघू दिलं, पुन्हा सोडलं. बाधलेल्या पोराला आपण मीठपाणी पाजून ओकायला लावतो ना, तसंच, फक्त उलट. मग अंगणातल्या निंबाखालचा कुजलेला पाला चाळून वर पसरला. आणि मग कात्री आणली.

दांडे सगळे वाळलेले होते. एखाद्या दांड्यावर एखादं हिरवं पान, तेही नावापुरतं. टायफॉइड झालेल्या पोरीचे केस पूर्वी काढून टाकायचे, म्हणायचे की मग चांगले येतात. तेच आठवलं. मी देवाचं नाव घेतलं, ईनबाईंचं नाव घेतलं, आणि मातीलगत सगळं कापून टाकलं. कुंडीत नुसती काळी खुटं उरली. जसं न्हाव्याच्या दुकानातून उठलेलं पोरगं.

"आता ईनबाईले काय दाखवशीन?" ह्यांनी विचारलं.

"आता काही दाखवायचं नाही," मी म्हटलं, "आता ठेवायचं."

कुठे ठेवायचं? घरात ओली, सावलीची, वारा न लागणारी एकच जागा, न्हाणीघर. तिथे कोपऱ्यात पाटावर कुंडी ठेवली आणि वर ओल्या गोणपाटानं गुंडाळलेली टोपली पालथी घातली. ह्यांना ताकीद दिली की साबणाचा एक थेंब तिकडे उडता कामा नये. झालं, ह्यांची आंघोळ म्हणजे एका कोपऱ्यात उकिडवं बसून हळू हळू तांब्या ओतणं. बाहेर आले की म्हणायचे, "पाहुणीसमोर न्हायल्यासारखं वाटते. टोपलीतून पाह्यते थे मले."

दुःख एकच. ईनबाईंना मोबाईलवर तोंड बघत बोलायची सवय लागली होती. पलंगावर पडून काय करणार? ख्यालीखुशाली विचारून झाली की म्हणायच्या, "आणि माझा हंसराज? जरा दाखवा ना."

पहिल्या वेळी मी म्हटलं, नेट नाही हो आमच्याकडं. तेव्हा मी त्यांना स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या वेळी 'हॅलो, हॅलो' करत फोन कानाला लावला आणि बंद केला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी दाखवा. मी वाट बघते." आता गुडघा दुखणाऱ्या बाईनं वाट बघायची म्हटल्यावर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी भाजीबाजारातून मुळासकट सांबाराची जुडी आणली. दुसऱ्या एका रिकाम्या कुंडीत खोचली, पाणी मारलं, पानं बोटांनी विंचरली आणि न्हाणीघराच्या अंधाऱ्या दारात ठेवली. म्हटलं, लांबून कळायचं नाही. जो घोटाळा आमच्या ह्यांचा दिवसाढवळ्या हातभरावरून झाला, तो ईनबाईंचा नागपूरहून का होऊ नये?

मोबाईल ह्यांच्या हातात दिला. फोन लागला. मी कुंडीशेजारी उभी राहिले, लग्नात आहेराच्या ताटाशेजारी उभं राहतात तशी.

"हे पाहा, ईनबाई, तुमचा हंसराज!"

हे फोन घेऊन एक पाऊल पुढे आले.

"अजी, मागं व्हा!" मी दातावर दात धरून म्हटलं.

"काहून? ईनबाईले नीट दिसलं पायजे न," आणि आणखी एक पाऊल पुढे. ह्या माणसासोबत मी संसार कसा केला ते माझं मला माहीत.

फोनमध्ये ईनबाईंचा चष्मा पडद्याजवळ आला. मग ईनबाई म्हणाल्या, "अरे वा. छान आहे. जपा हं."

मी भिंतीला टेकले. रात्री तो हंसराज वरणात गेला.

पण खरा न्हाणीघरात होता, आणि त्याचं काय चाललंय ते त्यालाच ठाऊक. रोज सकाळी मी टोपली उचलायची, काळी खुटं पाहायची, गोडं पाणी शिंपडायची, गोणपाट भिजवायची. काही नाही. माती ओली, खुटं काळी. देवपूजेत माझं लक्ष नसायचं. मला झाड मेल्याचं वाईट वाटत होतं असं म्हणून मी मोठी होणार नाही. झाडं माझ्या हातून पुष्कळ मेली आहेत, ती मी बोलून दाखवत नाही इतकंच. मला दिसत होत्या त्या ईनबाई. त्या काही बोलणार नाहीत. 'असू द्या हो' म्हणतील. आणि त्यानंतर मला कधीच काही मागणार नाहीत, मीठसुद्धा.

जूनमध्ये ईनबाई चालू लागल्या. नागपूरहून अमरावतीला आल्या, आणि लेकीचा फोन आला, "आई, आमी रविवारी येतो. सासूबाई स्वतः येतो म्हणतेत. कुंडी घ्यायले."

शनिवारी सकाळी टोपली उचलली तर खुटांमध्ये दोन बारीक तांबूस वेटोळी. चकलीचा सगळ्यात आतला वेढा असतो, तेवढी. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ह्यांना हाका मारल्या. हे अर्ध्या दाढीला साबण लावून धावत आले, वाकले, आणि म्हणाले, "गोम तं नाही न?"

"कोंब हाय तो!"

"मंग रडून काहून राह्यली?"

मी काही रडत नव्हते. न्हाणीघरात वाफ असते.

रविवारी ईनबाई काठी टेकत आल्या. दारातच म्हणाल्या, "आधी हंसराज."

"आधी पाणी तं घ्या, ईनबाई," हे म्हणाले. "मंग चहा घ्या. जेवा. वामकुक्षी घ्या." मला वाचवायला हा माणूस पहिल्यांदाच धावला, पण फार लवकर धावला, वामकुक्षी ऐकून ईनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी न्हाणीघराचं दार उघडलं. एक सबंध भाषण मी रात्रभर पाठ केलं होतं. खारपाण, कूलर, आरओ, सगळं क्रमानं. त्यातला एक शब्द आठवेना. टोपली उचलली.

त्यांना वाकता येत नव्हतं. म्हणाल्या, "स्टुलावर ठेवा." मी ठेवली. त्या काठीवर दोन्ही हात टेकून त्या खुटांकडे पाहत राहिल्या. मागे लेक उभी, तिचा हात तोंडावर. जावई बिचारे बाहेर पंख्याकडे पाहत बसलेले.

"फुलं गळली वाटतं?" ईनबाई म्हणाल्या.

"कोणती फुलं?"

"मे महिन्यात दाखवली होती ना तुम्ही. बारीक, पांढरी. मी जन्मभर मुलींना शिकवलं की नेच्याला फूल येत नाही. तुम्ही दाखवलीत तेव्हा म्हटलं, अकोल्याच्या हवेत येत असतील."

उन्हाळ्यातली सांबाराची जुडी! निबर झालेली, शेंड्याला फुलं धरलेली. बाजारात घेताना मी भाजीवालीशी त्यावरूनच वाद घातला होता, आणि खोचताना मला ती दिसली नाहीत. बाहेर आमचे हे हसू लागले ते थांबेनात. खोकला लागला, अंगणात गेले, तिथूनही आवाज येत होता.

"मेला नाही तो," मी कसंबसं म्हटलं. "खारं पाणी पाजलं मी त्याले. मलेच समजलं नाही. आता दोन कोंब आले, ते पाहा."

ईनबाईंनी चष्मा वर करून कोंब पाहिले. मग जे म्हणाल्या ते त्यांच्या धुतल्या-वाळल्या भाषेत होतं, पण घडी घातलेलं नव्हतं.

"माझाही दर उन्हाळ्यात असाच टकला होतो."

"काय म्हणता?"

"पाणी गोडं आहे, तरी. हवाच सोसत नाही त्याला. एप्रिल-मेमध्ये मागच्या बाथरूममध्ये लपवते. पाऊस झाला की येतो पुन्हा. तुम्ही नेहमी दिवाळीनंतर येता, तेव्हा तो भरात असतो."

लेक सासूपुढे आली. "आई, तुम्ही तर म्हणायच्या, शेजारच्या काकूंनी नेला बघायला!"

"दर वर्षी दोन महिने काकू बघतात का गं एक झाड?" ईनबाई म्हणाल्या. "तू पुढे विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "यंदा म्हटलं, तुमच्याकडे टकला होऊ दे. नाव तरी अकोल्याच्या उन्हाचं होईल. पण खरं सांगू? तुमच्या त्या वाळक्या काडीवर माझा थोडा विश्वासही बसला होता. वाटलं, न जाणो, जगवतील या."

एवढी वर्षं ज्या बाईच्या मानाखाली मी वाकून चालले, ती माझ्यासारखीच कुंडी लपवणारी निघाली! मला राग यायला हवा होता. दोन महिने माझी झोप गेली होती, ह्यांना मनासारखी आंघोळ मिळाली नव्हती. पण राग येईना. मी म्हटलं, "मग सांबाराचं ओळखलं तर तेव्हाच बोलला का नाहीत?"

"पलंगावर पडून कंटाळले होते हो. तो माझा महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस होता."

जेवणं झाली. कुंडी न्यायची म्हटलं तर ईनबाईंनीच नको म्हटलं. कोंब कोवळे, गाडीत, रस्त्याच्या गरम हवेत टिकणार नाहीत. पाऊस चांगला लागू द्या, मग आणा. म्हणजे माझी सुटका झाली नाहीच. पण आता लपवायचं काही नव्हतं, तर टोपली उचलताना छातीत धडधड होत नव्हती.

पाऊसपाणी सुरू झालं आणि हंसराजानं जे केलं त्यात माझा काही हात नव्हता. ह्यांनी छपराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवलं, त्यातलं पाणी मी घालायची, बस. पण तो असा फुटला, असा भरला, की येणारीजाणारी थांबून पाहायची. "काकू, काय हात आहे हो तुमचा!" मी मान खाली घालायची. नाही म्हणायची नाही, नुसती मान खाली. कौतुक असं उंबऱ्यावर आलं की त्याला परत पाठवायला जमत नाही मला.

ईनबाई फोनवर विचारायच्या, "कधी आणताय?" तेव्हा मला रस्त्यावर पाणी असायचं, ह्यांची कंबर दुखायची, घरी पाहुणे असायचे. एकदा म्हटलं, "नवीन पानं येऊन राह्यली, एवढी येऊ द्या." ईनबाई म्हणाल्या, "त्याला नेहमीच नवीन पानं येतात हो."

शेवटी श्रावणात मीच निघाले. बसमध्ये मांडीवर कुंडी, त्यावर ओला पंचा. मूर्तिजापूरपर्यंत शेजारची बाई गप्प होती, मग तिनं विचारलं, "सांबार किती रुपयांत पडला, मावशी?" मी तिला बडनेऱ्यापर्यंत नेच्याचा धडा शिकवला. फूल येत नाही, बी येत नाही, पानाच्या पाठीवर ठिपके असतात, त्यातून नवीन झाडं. सगळं ईनबाईंचं उसनं ज्ञान, आणि आवाजही त्यांचाच काढत होते बहुतेक, कारण बाई उतरताना मला 'मॅडम' म्हणाली.

अमरावतीला पोचल्यावर कुंडी तिच्या खिडकीत बसली. आणि मी बोलायला सुरुवात केली. सकाळी पाणी किती, संध्याकाळी किती. वरून नाही, कडेनं. पंख्याचा वारा नको. पान पिवळं झालं तर ओढायचं नाही, कापायचं. उन्हाळ्यात गोणपाट. लेक डोळे मोठे करत होती, मला कळत होतं, पण थांबवत नव्हतं. ज्या बाईनं हे झाड वाढवलं तिला मी तिच्याच घरात, तिच्याच बेसिनपाशी उभं राहून सांगत होते.

ईनबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "झालं? आता दोन दिवस राहा. त्याला एकदम सोडून गेलात तर तो सोसेल, तुम्ही सोसणार नाही."

आजवर लेकीच्या सासरी मी कधी मुक्काम केला नव्हता. जेवायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत, असाच रिवाज. त्या दिवशी राहिले.

सकाळी उजाडायच्या आधी जाग आली. घरात कोणी उठलेलं नव्हतं. मी पाय न वाजवता तांब्या भरला, बेसिनपाशी गेले, कडेकडेनं पाणी घातलं. कुंडीखालच्या ताटलीतून पाणी फरशीवर आलं. जास्त झालं की काय म्हणून वाकून पाहते तर मागून काठीचा आवाज.

"तुम्ही पण घातलं?" ईनबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात रिकामा तांब्या. "मी आत्ताच घालून गेले होते."

दोघींनी मिळून फरशी पुसली. म्हणजे मी पुसली. त्या गुडघ्यामुळे उभ्या राहून 'तिकडे, त्या कोपऱ्यात राहिलं, अगं तिकडे' असं सांगत होत्या.